'येणं', 'कळणं', 'वळणं' : हातात बसलेल्या ज्ञानाला काय म्हणावं?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. एका कारखान्याच्या प्रशिक्षण पुस्तिकेचं मराठी करते आहे. तीस-तीस वर्षं मशीनवर काढलेली माणसं आता निवृत्त होतायत, त्यांच्याजवळचं नव्या पोरांपर्यंत कसं पोचवायचं, हा विषय. मूळ मजकुरात पानोपानी 'टॅसिट नॉलेज' आहे, म्हणजे सरावाने आलेलं पण शब्दांत सांगता न येणारं ज्ञान. मी 'अव्यक्त ज्ञान' केलं होतं. काल एका जुन्या फिटरकाकांना दोन पानं वाचून दाखवली, तर ते म्हणाले, "हे अध्यात्माचं आहे का?" अर्थ सांगितल्यावर हसले. "असं होय! बेअरिंग जायला आलं की मला आवाजावरून कळतं. पण पोराला सांगायचं काय? मशीनपाशी उभा राहा, कान तयार होईल, एवढंच."

त्यांना आपला वाटेल असा शब्द हवा आहे. 'कळतं पण वळत नाही' यातलं 'वळणं' इथे चालेल का?

प्रतिसाद

ताई, काकांनी अर्धं उत्तर देऊन टाकलंय. तुम्ही नाम शोधताय, मराठीत हे काम क्रियापदं करतात.

बाराचा पाढा माहीत असणं वेगळं आणि बाराचा पाढा येणं वेगळं, हे दुसरीतल्या मुलालाही समजतं. "पोहणं माहीत आहे का?" असं आपण विचारत नाही, "पोहता येतं का?" असं विचारतो. ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल याने १९४९ साली नेमका हाच भेद मांडला. त्याच्या भाषेत, इंग्रजीत, दोन्हीकडे 'नो' (जाणणं) हे एकच क्रियापद, म्हणून फरक दाखवायला त्याला एकापुढे 'दॅट' आणि दुसऱ्यापुढे 'हाऊ' लावावं लागलं. आपल्याकडे क्रियापदच बदलतं.

आणखी एक पाहा. शिकतो 'मी', पण येतं 'मला'. कळतं मला, जमतं मला, सुचतं मला. शिकण्याच्या वाक्यात मी कर्ता असतो, आणि जे शिकलो ते खरंच माझं झालं की मी बाजूला सरकतो आणि ते माझ्याकडे येतं. मला मराठीतली ही फार मोलाची गोष्ट वाटते.

'टॅसिट' हा शब्द या अर्थाने रूढ केला तो मायकेल पोलानी यांनी. मूळचे हंगेरीचे, आधी नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ, मग तत्त्वज्ञानाकडे वळले. १९६६ साली त्यांनी जे म्हटलं त्याचा आशय असा : आपल्याला जेवढं सांगता येतं, त्याहून जास्त कळत असतं. तुमचे फिटरकाका वेगळं काय म्हणाले?

प्रतिसाद

'वळणं'बद्दल शेतातलं सांगतो. आमचं काळं रान. पेरणीआधी वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघायचा. त्यासाठी चार बोटं खोलवरची माती मुठीत घेऊन दाबायची. लाडू वळलाच नाही तर ओल कमी. वळला आणि खाली टाकल्यावर तसाच राहिला तर अजून चिखल आहे. वळला आणि पडताच फुटला, तर वाफसा. हे मला चौथीत असतानाच वडिलांनी सांगितलं होतं, तोंडपाठ होतं.

पहिल्यांदा एकट्याने ठरवायची वेळ आली तेव्हा मूठ दाबली, लाडू टाकला, फुटला. पेरायची तिफण जुंपली. वडील बांधावरून म्हणाले, "अजून एक दिवस दम धर." मी ऐकलं नाही. दोन तासांत तिफणीचे नळे मातीने चोंदले. संध्याकाळी त्यांनी माझा तळहात उलटा करून दाखवला. बोटांच्या पेरांत माती चिकटून राहिली होती. ते लाडू टाकतच नव्हते, मूठ उघडताना माती हात कसा सोडते ते बघत होते. आणि हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण आपण असं काही बघतो हे त्यांच्याही ध्यानात आलेलं नव्हतं.

आमच्याकडे म्हणतात 'रानाला वाफसा आला'. वरच्या प्रतिसादातलं 'येणं' वाचलं आणि हेच आठवलं.

प्रतिसाद

वा, काय सांगितलंत दादा! यावरून जपानमधली एक खरी गोष्ट आठवली. व्यवस्थापनाच्या अभ्यासात तिचा दाखला नेहमी देतात. १९८५ च्या सुमाराला ओसाकाची मात्सुशिता कंपनी घरगुती पाव बनवायचं यंत्र तयार करत होती. कणीक नीट मळली जाईना. पाव वरून करपे आणि आत कच्चा राही. यंत्राने मळलेल्या आणि पाववाल्याने मळलेल्या कणकेचे एक्स-रे काढून ताडून पाहिले, तरी उलगडा होईना. शेवटी इकुको तानाका नावाची सॉफ्टवेअर बनवणारी बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारीला राहिली. त्याच्या हाताखाली मळता मळता तिच्या ध्यानात आलं की तो कणीक ताणताना एक विशिष्ट पीळ देतो. मग इंजिनिअरांनी भांड्याच्या आत कंगोरे बसवले आणि पाव जमला. व्यवस्थापनाचे जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी ज्ञान कंपनीत कसं फिरतं ते मांडताना हीच गोष्ट घेतली.

म्हणजे तिथेही सगळं अडलं होतं ते कणीक 'वळण्या'पाशी. आपण लाडू वळतो, वाती वळतो, मूठ वळतो. अक्षराला वळण असतं, मुलांना वळण लावतात, सवय अंगवळणी पडते. माझं मत 'वळणं'च्या बाजूने.

प्रतिसाद

मी मानसशास्त्र शिकवते आणि मला हे पटत नाही. 'वळणं' एकटं चालेल, पण 'कळतं पण वळत नाही' या जोडीतलं नको. तंबाखू वाईट हे कळतं पण वळत नाही, तिथे हात तयार नसल्याची अडचण नाही. मन वळत नाही, ही अडचण आहे. फिटरकाकांचं तर उलट आहे : त्यांना पुरतं वळलेलं आहे, शब्दांत येत नाही.

न वळण्यावर वेगळा इलाज लागतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ साली मांडलं की नुसत्या निश्चयापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधीच बांधून ठेवलेलं जास्त पार पडतं. "रोज चालीन" यापेक्षा "कामावरून आल्यावर चपला न काढता तशीच मैदानावर जाईन" हे टिकतं. पुस्तिकेत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली, तर अनुभवी कामगाराला आपल्यात काहीतरी खोट काढली आहे असं वाटेल.

प्रतिसाद

'नेणिवेतलं ज्ञान' कसं वाटतं?

प्रतिसाद

नको. मानसशास्त्रज्ञ युंगच्या संदर्भात 'सामूहिक नेणीव' म्हणतात ती नेणीव, म्हणजे आपल्याला जाणीवच नसलेला मनाचा भाग, वेगळी. आणि काकांना आपल्याला येतं हे चांगलं माहीत आहे, ते नेणते नाहीत. 'अंगचं ज्ञान'ही टाळा. 'अंगचे गुण' म्हटलं की जन्मजात असं ऐकू येतं, आणि हे तर तीस वर्षं घालून मिळवलेलं आहे. मी 'मुरलेली जाण' म्हणेन. मुरण्यात काळ आपोआप आला, आणि 'जाण' हा 'ज्ञान'चाच घरातला भाऊ.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नाम लागेल तिथे 'मुरलेली जाण' घेतलं, बाकी सगळीकडे 'येणं', 'हात बसणं', 'कान तयार होणं'. मानसशास्त्राच्या ताईंचा मुद्दा पटला, 'कळतं पण वळत नाही' काढून टाकलं.

आज काकांना पुन्हा वाचून दाखवलं. 'मुरलेली जाण'ला मान डोलावली. पण "अनुभवी कामगारांनी आपले ज्ञान नवीन कामगारांकडे हस्तांतरित करावे" या वाक्याशी अडले. "हस्तांतर जमिनीचं होतं," म्हणाले. पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं : "नवा माणूस सहा महिने जुन्या माणसाच्या शेजारी उभा करावा. त्याला विचारू द्यावं. मशीन बिघडेल तेव्हा दोघांनाही बोलवावं." तसंच छापायला देते आहे.