मुलांची सांधेदुखी: स्टिरॉइडआधी रक्त तपासा
खानापूरच्या ताई, तुमच्या मुलाचे गुडघे महिनाभर दुखतायत, ताप येतो-जातो आणि शेजारी चिकुनगुनिया म्हणतायत. असेलही. पण रात्री तो दुखण्याने जागा होत असेल, सूज थोडी आणि वेदना फार असेल, चेहरा फिका पडला असेल, तर थांबू नका. मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मगजात) कर्करोगाच्या पेशी भरमसाट वाढतात, म्हणून हाडं-सांधे दुखतात आणि तो संधिवात वाटतो. सीबीसीसोबत (रक्तपेशींची मोजणी) रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली, पाहायला सांगा. सुरुवातीला सीबीसी जवळजवळ नॉर्मलही येते, तेव्हा दुखणं राहिलं तर पुन्हा करा आणि बेळगावला बालरोगतज्ज्ञांकडे न्याच. तोवर कुणी स्टिरॉइड देऊ लागलं तर आधी ल्युकेमियाचं विचारा. स्टिरॉइडने आजार तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं.