वीटमातीची हॅमर मिल: जाळी सारखी तुंबते, हातोड्या लवकर झिजतात

वीटमाती_प्रश्न:

नमस्कार मंडळी. दाबून करायच्या सिमेंट-मातीच्या विटांसाठी माती आणि वाळू हॅमर मिलमधून (फिरत्या हातोड्यांनी ढेकळं फोडणारं यंत्र) काढतो आहोत. वीट २९० × १४० × ९० मिमी, दिवसाला साधारण १००० नग, मिल चालते सुमारे ६ तास.

मिलचा तपशील: मोटर १० एचपी, १४४० आरपीएम. मोटरची पुली ६ इंची, रोटरची (हातोड्या बसवलेला फिरता भाग) ९ इंची, बी सेक्शनचे ३ पट्टे. हातोड्या २४, चार पिनांवर सहा-सहा, मँगनीज पोलादाच्या. टोकापासून टोकापर्यंत व्यास ५०० मिमी. खाली ६ मिमी गोल भोकांची जाळी.

माल: ६० भाग लाल माती, ४० भाग जाड वाळू, दोन्ही एकत्रच होपरमध्ये पडतात. ढेकळं १५० मिमीपर्यंत. मातीतला ओलावा तव्यावर वाळवून मोजला: ५०० ग्रॅमचे ४४२ ग्रॅम भरले.

अडचणी: अर्ध्या तासात जाळीला लेप बसतो आणि माल पडायचा थांबतो. होपरच्या तोंडातून धूळ उलटी येते. हातोड्यांची टोकं झिजून गोल झाली आहेत. पुलीच्या बाजूचं बेअरिंग हात ठेववत नाही इतकं तापतं. नव्या हातोड्या घातल्यावर थरथरही वाढली.

वेग वाढवावा, जाळीची भोकं मोठी करावीत, की ही मिल काढून रोलर क्रशर (दोन रोलरमध्ये माल दाबून फोडणारं यंत्र) घ्यावा?

---

मातीकाम:

मिल लहान नाही. तिच्यात जे घालायला नको तेच जास्त घातलं जातंय.

हिशोब करून बघा. तुमच्या विटेचं आकारमान ३.६५ लिटर. कोरडी घनता लिटरला १.८५ किलो धरली तर विटेमागे ६.७५ किलो कोरडा माल, म्हणजे १००० विटांना ६.७५ टन. ७ टक्के सिमेंट वजा केलं की माती-वाळू मिळून सुमारे ६.३ टन. आज हे सगळं मिलमधून जातं, म्हणजे तासाला एक टनाहून जास्त. यातली वाळू (अडीच टन) भरडायची गरजच नाही, ती फक्त चाळायची. उरली ३.८ टन माती. खणलेल्या मातीत बराचसा भाग आधीच ५ मिमीच्या खालचा असतो. तो निम्मा जरी निघाला तरी मिलकडे जायला उरतात जेमतेम १.९ टन ढेकळं, तासाला ३०० ते ३५० किलो. १० एचपीच्या मिलला हे काम आरामाचं आहे.

म्हणून क्रम बदला: आधी चाळा, चाळणीवर राहिलेली ढेकळं तेवढी भरडा, आणि भरडलेलं पुन्हा त्याच चाळणीवर सोडा. जे परत वर राहील ते पुन्हा मिलमध्ये. दोन-तीन फेऱ्यांनंतरही जे फुटत नाही तो दगड असतो, तो बाजूला काढा.

उभी तिरकी चाळण वापरणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ४५ अंशांत ठेवलेल्या ८ मिमी जाळीतून खाली पडणाऱ्या कणाला भोक ८ मिमीचं मिळत नाही, साडेपाचच्या आसपासच मिळतं. त्यामुळे ५ मिमी माल हवा असेल तर तिरक्या चाळणीला ८ मिमीची जाळी लावा. ६ मिमीची लावलीत तर चांगला मालही वरच राहील आणि उगाच पुन्हा मिलमध्ये जाईल.

फिरती चाळण (जाळीचा आडवा फिरता ढोल) केलीत तर उत्तमच. ६०० मिमी व्यास, ५ अंश उतार. वेगासाठी सूत्र आहे: ४२.३ भागिले व्यासाचं (मीटरमध्ये) वर्गमूळ. त्या वेगाला माल जाळीला चिकटून पूर्ण फिरतो. चालवायची त्याच्या ४० टक्क्यांच्या आसपास. ६०० मिमीला तो चिकटण्याचा वेग ५४ ते ५५ आरपीएम येतो, म्हणून २० ते २२ ठेवा. जास्त फिरवली तर जास्त चाळलं जाईल असा समज असतो, होतं उलटंच.

आता ओलावा. तुमच्या आकड्यांवरून ५८ ग्रॅम पाणी भागिले ४४२ ग्रॅम कोरडी माती, म्हणजे १३ टक्के. जाळीच्या हॅमर मिलला हे जास्त आहे. साध्या मातीला ८ टक्क्यांच्या खाली आणा, चिकण जास्त असेल तर आणखी खाली. रोज तवा पेटवायची गरज नाही. मुठीएवढं ढेकूळ फोडून बघा: तडकून तुकडे उडाले आणि आतला रंगही बाहेरच्यासारखाच फिका दिसला तर माती तयार आहे. दबून चपटं झालं किंवा आत गडद ओला गाभा दिसला तर अजून वाळायला हवी. वरून कोरडी आणि आतून ओली ढेकळंच जाळी तुंबवतात. वाळवताना १० ते १५ सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको, दिवसातून दोनदा उलथापालथ करा आणि मोठी ढेकळं आधी घणाने चार तुकडे करूनच पसरा.

---

भरडयंत्र:

मातीकाम यांच्याशी सहमत. यंत्राच्या बाजूचं सांगतो.

वेग: १४४० गुणिले ६ भागिले ९, म्हणजे रोटर ९६० आरपीएमवर फिरतोय. ५०० मिमी व्यासाला टोकाचा वेग सेकंदाला २५ मीटर येतो. वाळलेल्या ढेकळांना ३० च्या वर मिळाला तर फोड चांगली होते. रोटरची पुली ७ इंची केली तर १२३४ आरपीएम आणि ३२ मीटर मिळेल. पण रोटर आणि बेअरिंग तेवढ्या वेगासाठी बनवले आहेत याची मिल बनवणाऱ्याकडून खात्री करूनच हे करा. आणि ओल्या मातीवर हा उपाय नव्हे. ओली माती जितक्या जोरात आपटाल तितका लेप घट्ट बसतो.

जाळी: बाहेर चाळण येणारच आहे, तेव्हा आतली ६ मिमी जाळी काढून १५ ते २० मिमी फटींचे गज बसवा. बारीकपणाची जबाबदारी बाहेरच्या चाळणीची, मिलचं काम फक्त फोडायचं. माल आत कमी वेळ राहतो, त्यामुळे लेप, झीज आणि वीज तिन्ही कमी होतात. हातोडीचं टोक आणि आपटपट्टी (माल जिच्यावर आपटून फुटतो ती आतली पट्टी) यांच्यातलं अंतर १० ते १५ मिमी राहील असं बघा.

उलटी धूळ हे जाळी तुंबल्याचं लक्षण आहे. हॅमर मिल पंख्यासारखी हवा ओढते आणि खालून सोडते. खालची वाट बंद झाली की तीच हवा होपरमधून परत येते. खालची चूट (माल बाहेर पडायची वाट) पोत्याने किंवा ढिगाऱ्याने बंद होत नाही ना, हेही पाहा. होपरच्या तोंडाला रबरी पट्ट्यांचा पडदा लावा. ही धूळ गारेची आहे, सिलिका फुप्फुसात साठते आणि तो आजार बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बारीक धुळीचा घट्ट बसणारा मास्कच हवा.

झीज: मँगनीज पोलाद जबर मार बसला तरच पृष्ठभागावर कडक होतं. मोठा दगड फोडताना ते उत्तम. वाळू आणि माती नुसती घासतात, तेवढा मार बसत नाही, त्यामुळे ते मऊच राहतं आणि झिजत जातं. वाळू बंद केली की फरक लगेच दिसेल. त्यापुढे टोकांवर क्रोमियम कार्बाइडच्या रॉडने वेल्डिंगचा थर चढवा, किंवा हाय क्रोम टोकाच्या हातोड्या घ्या. दोन्ही टोकांना भोक असेल तर एक बाजू झिजल्यावर उलटून वापरता येते.

थरथर: हातोड्या बदलल्यावर ती जवळजवळ नेहमी वजनातल्या फरकामुळे येते. २४ हातोड्या एकेक तोला आणि वजन खडूने तिच्यावरच लिहा. समोरासमोरच्या दोन पिनांवर त्याच जागी सारख्या वजनाच्या हातोड्या आल्या पाहिजेत, आणि त्या दोन पिनांच्या एकूण वजनात ५ ते १० ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. झिजलेल्यांत दोन-चार नव्या मिसळू नका. बदलायच्या तर समोरच्या पिनेवरची जोडीदारही बदला. अजून एक कारण नेहमी नजरेतून सुटतं: पिनेभोवती माती वाळून हातोडी अडकते, फिरताना बाहेर येत नाही आणि रोटर एका बाजूला जड होतो. काम संपलं की प्रत्येक हातोडी हाताने हलवून पाहायची.

---

वीटमाती_प्रश्न:

धन्यवाद. आणखी तीन शंका. वाळू मिलमधून काढली नाही तर ती मातीत नीट मिसळेल का? आत्तापर्यंत मिलमध्येच मिसळण होत होती. दुसरं, आम्ही घमेल्याने मोजतो, तर आता प्रमाण बदलेल का? आणि सतत ओल असलेल्या दिवसांत माती ८ टक्क्यांवर येतच नाही, तेव्हा काय?

---

वाळू_चाळण:

मिसळण मिक्सरमध्ये होऊ द्या. आधी माती, वाळू आणि सिमेंट कोरडंच एकरंग होईपर्यंत फिरवा, मग पाणी शिंपडत घाला. मिलमध्ये वाळू घातल्याने एक नुकसान दिसत नाही पण होतं: जाड कण फुटून त्यांची गाळासारखी भुकटी होते. विटेला दाबल्यावर जो सांगाडा लागतो तो जाड वाळूचाच, तोच तुम्ही पैसे आणि वीज घालून मोडता. भुकटी वाढली की पाणी जास्त लागतं आणि वाळताना भेगा पडतात. वाळू ५ मिमीतून चाळा, वरचे खडे काँक्रीटला वापरा.

मोजमापाचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दमट वाळू फुगते. ४ ते ६ टक्के ओलावा असताना तिचं आकारमान कोरड्या वाळूपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी जास्त भरतं, बारीक वाळूत त्याहूनही जास्त. म्हणजे तेच घमेलं भरलं तरी वाळू कमी जाते. मातीचंही तसंच: ढेकळांचं घमेलं आणि भरडलेल्या मातीचं घमेलं यांत माल सारखा नसतो. म्हणून मोजायचं ते नेहमी चाळून झाल्यावर, आणि शक्यतो वजनाने. ५० किलोच्या सिमेंट गोणीला ७ टक्क्यांच्या हिशोबाने कोरडी माती आणि वाळू मिळून ६६५ किलोच्या आसपास लागते. माल दमट असेल तर त्यातल्या पाण्याचं वजन वर धरा, नाहीतर सिमेंटचं प्रमाण रोज वेगळं पडेल. घमेलंच वापरायचं असेल तर निदान एक घमेलं रोज तोलून बघा.

---

भट्टी_रोलर:

ओल्या दिवसांबद्दल. पहिला उपाय साठ्याचा: वाळलेली, चाळलेली माती छपराखाली आणि जमिनीपासून उंच ठेवलीत तर रोलरचा खर्च वाचतो. ते जमत नसेल तरच दातेरी रोलर क्रशर घ्या. हॅमर मिल जिथे तुंबते त्या १५ ते २० टक्के ओलाव्यालाही तो ढेकळं फोडतो. पण तो भुकटी करत नाही, तुकडे करतो, आणि ओला माल ५ मिमीच्या चाळणीतून पडतही नाही. तुमच्या दाबाच्या विटेला कोरडी, मोकळी मातीच लागते. त्यामुळे तुमच्यासाठी रोलर म्हणजे वाळवण्याआधी ढेकळं लहान करायचं साधन, मिलची बदली नाही.

रोलर खऱ्या अर्थाने कामाला येतो तो भाजक्या विटेत. तिथे माती ओलीच चालते: दातेरी जोडी, मग गुळगुळीत जोडी, शेवटच्या जोडीत फट २ ते ३ मिमी. दोन्ही रोलर वेगवेगळ्या वेगाने फिरवले की माती दाबली जाते आणि फाटतेही. माल पूर्ण रुंदीवर पसरून सोडा. मध्येच पडत राहिला तर रोलर मध्यावर खोलगट झिजतो, कडेला २ मिमी आणि मध्ये ६ मिमी अशी फट होते, आणि नेमके चुनखडीचे खडे तिथून निसटतात. भाजताना त्या खड्यांचा कळीचा चुना होतो, नंतर पाणी शोषून फुगतो आणि विटेचे टवके उडवतो. तोच चुना १ मिमीच्या खाली भरडून मातीत विखुरला असेल तर सहसा त्रास देत नाही. खड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, फेस आला तर चुनखडी. दोन्ही रोलरवरचे स्क्रेपर रोज रोलरला टेकताहेत का ते बघा, कारण ते सुटले की चिकटलेली माती तशीच फिरत राहते.

---

भरडयंत्र:

बेअरिंगचं राहिलं होतं. पुलीच्याच बाजूचं तापतंय म्हणजे आधी पट्ट्यांचा ताण बघा. जाळी तुंबली की पट्टे घसरतात, आणि माणूस ते आवळत जातो. जास्त ताण सगळा त्याच बेअरिंगवर येतो. दोन्ही पुल्यांच्या बाजूला दोरी ताणून धरा, ती चारही कडांना टेकली पाहिजे. तिन्ही पट्टे एकाच वेळी, एकाच मापाचे बदला.

मग ग्रीस. तापलं की आणखी ग्रीस भरायचं, ही सवय घातक आहे. बेअरिंगच्या घरात एक तृतीयांश ते अर्धी जागाच ग्रीसने भरलेली असावी. गच्च भरलं तर ग्रीस घुसळलं जाऊन आणखी तापतं. उघडून बघा: ग्रीस बोटांत चोळल्यावर करकरलं तर सीलमधून धूळ आत गेली आहे, तेव्हा बेअरिंग पूर्ण धुऊन नवं ग्रीस आणि नवं सील. धुतल्यावर हाताने फिरवताना खडखड लागली तर ते बदलाच. ८० अंशांच्या वर जात असेल तर मिल बंद करून कारण शोधा, पाणी ओतून थंड करू नका.

मोटरच्या एका फेजवर अँपिअर मीटर लावा. मिल रिकामी सुरू करा, पूर्ण वेग आला की माल सोडा, आणि नेमप्लेटवरच्या अँपिअरच्या ८० ते ८५ टक्क्यांवर काटा राहील एवढाच माल टाका. काटा चढू लागला तर टाकणं थांबवा, जाळी तुंबायच्या आधीच कळतं. होपरच्या आधी चुंबक ठेवा, फावड्याचा तुकडा किंवा बोल्ट आत गेला तर हातोडी तुटते. अडकलेलं ढेकूळ गजाने आत ढकलायचं नाही. झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप, किल्ली उघडणाऱ्याच्या खिशात, आणि रोटर पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची. बटण बंद केल्यावरही तो बराच वेळ फिरत राहतो आणि आवाज थांबल्यावरही फिरत असू शकतो, तेव्हा पुली डोळ्यांनी थांबलेली दिसली की मगच नट सैल करा.