मदत हवी आहे: १९७१ च्या मिग-२१ एफएलसाठी १/४८ चं किट आणि वरचे सुटे भाग कसे पारखायचे?

ओझरचा_वारा

नमस्कार मंडळी,

भारतीय हवाई दलाच्या मिग-२१ एफएलचं मॉडेल १/४८ मध्ये (खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) करायचं आहे, १९७१ च्या युद्धातलं. बाबा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, एफएलच्या जुळणीवर. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला, तो त्यांनी टीव्हीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. त्यांच्या हाताखालून गेलेलं विमान त्यांच्या टेबलावर असावं असं तेव्हापासून मनात आहे. बाबांना आता ऐकायला कमी येतं, पण नजर पक्की आहे. एमएफचा (मिग-२१ चाच नंतरचा प्रकार) सांगाडा घेऊन त्यावर आपले राउंडेल (हवाई दलाचं गोल तिरंगी चिन्ह) चिकटवले तर ते काही बोलणार नाहीत, पण त्यांना कळेल. मला ते नको आहे.

माझी तयारी सांगतो. १/७२ ची बरीच विमानं केली आहेत, एअरब्रश आहे, फोटो-एच (आम्लाने कोरलेले पातळ पितळी भाग) थोडंफार वाकवलं आहे, रेझिनच्या ओतीव भागांना मात्र हात लावलेला नाही. सगळं मिळून बारा हजारांच्या आत बसवायचं आहे.

अडचण अशी की 'मिग-२१ भारतीय हवाई दल' म्हणून जे दुकानात दाखवतात, त्याच्या डब्यावर बारीक अक्षरात एमएफ लिहिलेलं असतं. एडुआर्ड या किट कंपनीचे पीएफ आणि पीएफएम (मिग-२१ चेच आणखी दोन प्रकार) असे दोन वेगळे डबे आहेत, अकॅडमी या दुसऱ्या कंपनीचा जुना पीएफ स्वस्तात मिळतोय. एफएल असं नाव असलेला डबा मला इथे कुठे मिळत नाही. मग यातलं एफएलच्या जवळचं कोणतं?

दुसरं म्हणजे वरचे, किटबाहेर वेगळे घ्यायचे सुटे भाग. रेझिनचं कॉकपिट, रंगीत फोटो-एच, थ्रीडी डेकलचं (उठावदार छपाईचं) पॅनल, पितळी पिटो (नाकावरची वेग मोजायची दांडी), रेझिनचा नॉझल (इंजिनाचं मागचं तोंड), चाकं, रंगवताना काचा झाकायचे मास्क, डेकल (चिकटवायची छापील चिन्हं). सगळं टोपलीत टाकलं तर किटच्या दुप्पट रक्कम होते. यातलं खरंच काय लागतं? आणि परीक्षणं वाचून ठरवावं तर बहुतेक जण डबा उघडून स्प्रूचे (भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटींचे) फोटो टाकतात आणि 'उत्तम' म्हणतात. जोडून पाहिलेलं कुणीच सांगत नाही.

नीलपंख_ठाणे

छान काम हाती घेतलंयस. आधी विमान ओळख, किट मग आपोआप ठरेल.

एफएल म्हणजे ढोबळपणे पीएफचं कॉकपिट आणि पीएफएमची शेपटी. कॅनोपी एकसंध, पुढच्या बाजूला बिजागरी असलेली; उघडली की समोरच्या काचेसकट वर जाते. पीएफएममध्ये समोरची काच स्थिर आणि मागची कॅनोपी उजवीकडे उघडते. तेव्हा पीएफएमच्या डब्यातून एफएल करायला गेलास तर पहिल्या नजरेतच चुकेल. उभं शेपूट मात्र रुंद हवं, आणि त्याच्या बुडाशी, रडरच्या खाली, ब्रेक पॅराशूटची नळकांड्यासारखी पेटी हवी. सुरुवातीच्या पीएफला अरुंद शेपूट होतं आणि पॅराशूट पोटाखाली.

म्हणून पीएफचा डबा घे, पण त्याआधी त्यात रुंद शेपूट आहे का ते बघ. एडुआर्ड स्वतःच्या साइटवर इन्स्ट्रक्शन्सची पीडीएफ ठेवतं. पहिल्या पानावर स्प्रूचा नकाशा असतो आणि न वापरायचे भाग निळ्या किंवा करड्या छटेत दाखवलेले असतात. एकाच साच्यातून अनेक प्रकार काढतात, त्यामुळे जास्तीचे भाग डब्यात असतातच. आपल्याला हवा तो भाग कित्येकदा त्या 'न वापरायच्या' यादीत सापडतो.

आणखी तीन खुणा. पाठीचा उंचवटा बारीक हवा. एम, एमएफ या प्रकारांना तो फुगतो, बिस या त्यानंतरच्या प्रकाराला आणखी. पिटोची दांडी नाकाच्या वर मधोमध हवी. एमएफला ती उजवीकडे सरकलेली असते, एफ-१३ या आधीच्या प्रकाराला नाकाखाली. आणि पंखाखाली दोनच पायलन (शस्त्रं टांगायचे आधार), चार नाहीत. दुकानातल्या डब्याच्या चित्रावरूनच या तिन्ही गोष्टी तपासता येतात.

अकॅडमीचा स्वस्त आहे, पण साचा एडुआर्डच्या कितीतरी आधीचा. कॉकपिट आणि चाकांच्या खाचा इतक्या रिकाम्या आहेत की वाचलेले पैसे रेझिनमध्ये जातील. कोणताही डबा घेण्याआधी स्केलमेट्स या किटांच्या माहितीच्या साइटवर त्याची वंशावळ बघायची सवय लाव. नवा डबा, नवं चित्र आणि आत पंचवीस वर्षांचा साचा, हे या छंदात रोज चालतं.

स्प्रूकापे

ताईंच्या प्रतिसादाला +१. आकार मोजायची एक साधी रीत सांगतो. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. १/४८ मध्ये तो १४९ मिलिमीटर यायला हवा, १/७२ मध्ये ९९ च्या थोडा वर. डबा घरी आला की न चिकटवता जोडून पट्टी लाव. मिलिमीटरभर फरक चालतो. पण विस्तार बरोबर म्हणजे आकार बरोबर असं नाही. नाकाच्या कडेची जाडी, कॅनोपीचा बाक आणि शेपटाची मागची रेघ हे फोटोशी ताडून बघ. फोटो शक्यतो दुरून, लांब लेन्सने काढलेला घे. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं.

पॅनल लाइनचंही (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघांचं) गणित करता येतं. किटवर ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे १/४८ मध्ये प्रत्यक्षात जवळपास एक सेंटिमीटरची फट. खऱ्या विमानावर एवढी फट नसते. तेव्हा रेघा खोल आणि ठळक दिसतात म्हणून किट चांगलं, असं परीक्षणात कुणी लिहिलं असेल तर मी तरी ते परीक्षण बाजूला ठेवतो.

जुना_एअरमन

ओझरचा_वारा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जोडलेल्या विमानांवर आम्ही काम केलं.

कोणती स्क्वाड्रन आणि कोणता दिवस करणार ते आधी ठरवा, कारण खाली काय टांगायचं ते त्यावर आहे. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर २८ स्क्वाड्रनच्या एफएलनी ५७ मिलिमीटरची रॉकेटं मारली, म्हणजे पंखाखाली रॉकेटचे पॉड (नळकांडी) हवेत. जामनगरच्या ४७ स्क्वाड्रनचं करायचं असेल तर १२ डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट बी. बी. सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ लढाऊ विमान पाडलं ते तोफेनं. एफएलला अंगात तोफ नव्हती. पोटाखाली जीपी-९ गोंडोला (तोफेची पेटी) लावायचे, त्यात २३ मिलिमीटरची दुनळी तोफ. हा गोंडोला स्प्रूवर आहे की वेगळा घ्यावा लागणार, ते पीडीएफमध्येच बघून घ्या. पीएफच्या डब्यात नसेल तर रेझिनमध्ये शोधा. माझ्या मते या मॉडेलला एकच रेझिन घ्यायचं असेल तर हे घ्या, कॉकपिट नको.

रंगाचं म्हणाल तर त्या डिसेंबरात उघड्या धातूची विमानंही होती आणि घाईघाईत हिरवा रंग फासलेलीही. एकासारखं दुसरं नव्हतं. आधी फोटो मिळवा, त्यातला शेपटावरचा क्रमांक धरा, मग डेकल घ्या. डेकलच्या कागदावरचं रंगीत चित्र हा पुरावा नव्हे.

ओझरचा_वारा

काका, बाबांना वाचून दाखवलं. जीपी-९ म्हटल्यावर ते सरळ बसले. ४७ स्क्वाड्रनचंच करतो.

ताई, पीडीएफ बघून घेतो. आता सुट्या भागांचं सांगा. रेझिन कॉकपिट सोडलं तर थ्रीडी डेकल घ्यावं, की डब्यातलं रंगीत फोटो-एच पुरे?

नीलपंख_ठाणे

प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचार. मॉडेल पूर्ण झाल्यावर तो दिसणार का? आणि किटमधल्या भागापेक्षा त्याचा आकार सुधारतो, की फक्त बारीकसारीक नक्षी वाढते?

पिटो: डोळे मिटून घे. पोलंडच्या मास्टर कंपनीची पितळेत कातलेली मिळते. मिग-२१ च्या पूर्ण छायाचित्रात नजर आधी त्या दांडीवर जाते. प्लॅस्टिकची दांडी जाड असते, मधोमध साच्याची शिवण असते, आणि पुसताना हात लागला की मोडते. किमतीच्या मानाने एवढा फरक दुसरा कोणताही भाग करत नाही. मागवणं जमलं नाही तर इंजेक्शनच्या दोन मापांच्या सुया एकात एक घालूनही करतात.

मास्क: एडुआर्डचा प्रोफीपॅक प्रकारचा डबा घेतलास तर त्यातच येतात. त्यांचाच ओव्हरट्रीज म्हणजे नुसतं प्लॅस्टिक, वीकेंड प्रकारात फोटो-एच नसतं. किमतींची तुलना करताना लोक हे विसरतात आणि स्वस्त डबा शेवटी महाग पडतो.

फोटो-एच: पट्टे, जाळ्या, पातळ पत्र्याच्या कडा यांना उत्तम. पण ते सपाट असतं. गोल कळ, लिव्हर, नळी यांच्या जागी सपाट पितळ लावलं तर तपशील वाढत नाही, कमी होतो. सेटमधलं सगळं लावलंच पाहिजे असं नाही. निम्मं वापर, निम्मं ठेव.

पॅनल: रंगीत फोटो-एचवर बारीक ठिपक्यांची छपाई असते, भिंगातून दिसते. थ्रीडी डेकलला उंचवटा असतो आणि घड्याळांच्या काचा चकाकतात, त्यामुळे दिसायला ते सरस. दोन्हीत एक मेख आहे: पार्श्वभूमीचा रंग निर्मात्याने ठरवलेला असतो. बाजूच्या भिंती तुला त्याच्याशी जुळवाव्या लागतात, उलट होत नाही. सोव्हिएत विमानांच्या आतला रंग काळाप्रमाणे बदलत गेला. एफएलच्या कॉकपिटचा रंग मी सांगण्यापेक्षा बाबांना विचार. चार-पाच रंगांचे तुकडे रंगवून त्यांच्यासमोर ठेव आणि ते बोट ठेवतील तो घे. असा साक्षीदार आमच्यापैकी कुणाकडे नाही.

चाकं: रेझिनची छान असतात, शिवण घासावी लागत नाही. पण किटची वाईट नाहीत. पैसे उरले तर.

चाकांचे पांढऱ्या धातूचे पाय: नको. त्यातले बरेचसे किटच्याच पायांवरून ओतलेले असतात, तपशील तोच आणि शिवणही तीच. १/४८ चं मिग प्लॅस्टिकच्या पायांवर व्यवस्थित उभं राहतं.

स्प्रूकापे

एक भर घालतो. सुट्या भागाच्या पाकिटावर 'कोणत्या किटसाठी' ते वाच. अकॅडमीसाठी काढलेले मिगचे जुने सेट अजून दुकानांत पडून आहेत, स्वस्तातही मिळतात. ते एडुआर्डच्या सांगाड्यात बसणार नाहीत. शिवाय त्यातले बरेच जुन्या किटची उणीव भरून काढायला होते. ती उणीव नव्या किटमध्ये नाहीच.

आणि जीपी-९ रेझिनमध्येच घ्यावा लागला तर: आधी साबणाच्या पाण्यात धू, साच्याचं तेल लागलेलं असतं, रंग धरत नाही. ओतीव ठोकळा करवतीने कापायचा, निप्परने नाही, तुकडा उडतो. घासताना पाणी लावून घासायचं आणि नाका-तोंडाला मास्क लावायचाच, ही धूळ फुफ्फुसात जाऊ द्यायची नाही. थ्रीडी प्रिंटचा असेल तर आधाराच्या काड्या कापण्याआधी तो कोमट पाण्यात थोडा ठेव, ठिसूळपणा कमी होतो. जोडायला साधा प्लॅस्टिकचा गोंद चालत नाही, फेवीक्विकसारखाच लागतो.

ओझरचा_वारा

रंगाचे तुकडे बाबांसमोर ठेवले. त्यांनी दोन लगेच बाजूला सारले, तिसरा खिडकीपाशी नेऊन बघितला आणि 'हाच' म्हणाले. त्यामुळे थ्रीडी डेकल रद्द, पॅनल हाताने रंगवतो. पीडीएफमध्ये रुंद शेपूट सापडलं. पीएफ प्रोफीपॅक, पितळी पिटो, भारतीय डेकल असं मागवतोय. बजेटमध्ये बसतंय, गोंडोलासाठीही जागा आहे. डेकल घेताना काय बघू? आणि उघड्या धातूसाठी किटच्या पृष्ठभागाचं काही बघायचं असतं का?

नीलपंख_ठाणे

डेकलमध्ये राउंडेल बघ. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. तिन्ही वर्तुळांचं केंद्र एक आहे ना? छपाई सरकली की एका बाजूला पांढरी पट्टी जाड दिसते, ती नंतर दुरुस्त होत नाही. केशरी नारिंगीकडे झुकलाय का ते दिवसाच्या उजेडात बघ. पारदर्शक पडदा आकृतीच्या किती बाहेर गेलाय तेही बघ, कारण उघड्या धातूवर त्याची कड चमकते. जास्तीचा पडदा ताज्या ब्लेडने कापून टाक.

पृष्ठभागाचं म्हणशील तर धातूच्या रंगाखाली काहीच लपत नाही. पंख आणि धडाचा सांधा, पाठीवरची शिवण या जागा पुट्टीनंतर बारीक पॉलिश पेपरने चढत्या क्रमाने घास, मग चकचकीत काळा प्रायमर दे आणि दिव्याखाली तिरपं धरून बघ. ओरखडा दिसला तर परत घास. घासताना पुसलेले रिव्हेट धातूचा रंग देण्याआधी पुन्हा कोरून घे, नंतर जमत नाही. नाकातला शंकू आणि शेपटाचं टोक धातूचं नसतं, ते वेगळं रंगवायचं आहे. मास्किंग टेप आधी हातावर चिकटवून तिची पकड कमी कर, नाहीतर धातूचा रंग सोबत निघून येईल.

जुना_एअरमन

पत्रे सगळे एका छटेचे करू नका. शेपटीकडचा, आफ्टरबर्नरभोवतीचा (इंजिनाला जादा जोर देणाऱ्या मागच्या भागाभोवतीचा) धातू उष्णतेने वेगळा दिसायचा. कुठून कुठपर्यंत, ते वडिलांना पेन्सिलीने किटवरच आखू द्या.