३१ डिसेंबरची गाणी: सोसायटीच्या ग्रुपवर, रविवार, २९ डिसेंबर २०२४

सेक्रेटरी (बी-१०१): नमस्कार. परवा ३१ तारखेला गच्चीवर रात्री ८ ते १२. पावभाजी ठरली आहे, खुर्च्या आल्या आहेत. गाण्यांची यादी मात्र अजून कुणीही दिलेली नाही. गेल्या वर्षी तीच ती गाणी फिरून फिरून लागली म्हणून ज्यांनी तक्रार केली त्यांनीच यंदा पुढे यावं. संध्याकाळपर्यंत इथेच लिहा.

अश्विनी (सी-३०४): एक अट घालूया का? फक्त २०२४ मध्ये आलेली गाणी. जुनी तर आपण वर्षभर ऐकतोच.

शरद काका (ए-२०१): मग कार्यक्रम ८ ते ८.१० ठेवा.

अर्णव (सी-३०४): 😂😂

शरद काका (ए-२०१): हसतोस काय? यंदाचं ऐकण्यासारखं एक मराठी गाणं सांग. एकच.

अर्णव (सी-३०४): तांबडी चामडी

शरद काका (ए-२०१): हे गाणं आहे की त्वचारोगतज्ज्ञाची जाहिरात?

माधवराव (ए-७०२): शरदराव, जरा थांबा. पोरगं बरोबर बोलतंय. लिहितो सविस्तर. चहा घेऊन बसलोय.

सेक्रेटरी (बी-१०१): माधवराव, सविस्तर नको, यादी हवी आहे.

माधवराव (ए-७०२): यादीच आहे, जरा लांब आहे.

माझ्याकडे तबल्याला येणारी पोरं वर्षभर मोबाइल पुढे करून "काका, हे वाजवून दाखवा" म्हणत होती. त्यामुळे यंदा नवीन गाणी माझ्या कानावर नुसती पडली नाहीत, हातातूनही गेली. पहिलं नाव घेतो गुलाबी साडीचं. नाकं मुरडू नका. फेब्रुवारीत आलं, आणि मे महिन्यापर्यंत आपल्या पार्किंगमधल्या हळदीतसुद्धा पोचलं. संजू राठोड जळगाव जिल्ह्यातला मुलगा. स्वतः लिहितो, स्वतः गातो. संगीत जी-स्पार्कचं. पाठीमागे सिनेमा नाही, हिरो नाही. विषय काय, तर नटलेली बाई म्हणतेय, मी आज छान दिसतेय, माझा फोटो काढ. बस, एवढंच. आता लावणीत तरी दुसरं काय असतं सांगा. शृंगार करून आलेय, राया, बघ तरी. राया होता तिथे मोबाइलचा कॅमेरा आला, बाकी बाई तीच.

नीलिमा (बी-५०२): माधवराव 👏👏 हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, "मला ते गाणं पाठ आहे."

शरद काका (ए-२०१): पाठ होणारच. दिवसातून चाळीसदा लागल्यावर पाण्याची मोटरसुद्धा पाठ होते.

माधवराव (ए-७०२): पण मोटरवर कुणी नाचत नाही शरदराव.

आता तांबडी चामडी. जूनमध्ये अर्णवनं ऐकवलं. क्रेटेक्स आणि श्रेयस ही जोडी. हाउस म्युझिकच्या ठेक्यावर मराठी शब्द. नेदरलँडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलंय, म्हणजे जगभरच्या डीजे मंडळींचं जे दुकान आहे त्याच्या फळीवर मराठी गाणं जाऊन बसलं. मी ते तबल्यावर धरायला बसलो आणि चांगलाच अडकलो. अडकलो कुठे ते सांगतो, कारण मजा तिथेच आहे. आपल्या ठेक्याला चढउतार असतो. सम, म्हणजे पहिली मात्रा, जड; मग भरी, म्हणजे भरलेला भाग; मग खाली, म्हणजे रिकामा भाग. आठ मात्रांच्या केरव्यात बघा, पाचव्या मात्रेला डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा घुमणारा, गप्प बसतो, हवा येते, आणि पुन्हा समेवर आलं की बरं वाटतं. या हाउसमध्ये चार ठोके, चारही सारखेच जड. खाली नावाची गोष्टच नाही. मग गाण्यात हालचाल येते कुठून? तर शब्दांतून. श्रेयस जे बोलतो ना, ते रांगडं, तोंडातल्या तोंडात फेकलेलं, अक्षरं मागेपुढे टाकत. चढउतार सगळा मराठीच्या उच्चारातून येतो. ट, ठ, ड, ळ यांच्यावर आघात. हे दुसऱ्या भाषेत घालून बघा, निम्मी गंमत जाईल. ऑक्टोबरात आपली भाषा अभिजात ठरली तेव्हा ग्रुपवर अभिनंदनाचे चाळीस फॉरवर्ड आले. मला मात्र त्याआधीच वाटून गेलं होतं की या भाषेला बरे दिवस आलेत.

अर्णव (सी-३०४): काका 🔥🔥🔥 हे मी स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवतोय

अश्विनी (सी-३०४): आधी बारावीचं फिजिक्स काढ.

शरद काका (ए-२०१): अभिजातचा आणि याचा संबंध जोडलेला मला अजिबात पटलेला नाही. लेखी नोंद घ्यावी.

सेक्रेटरी (बी-१०१): घेतली. यादीत आतापर्यंत दोन.

नीलिमा (बी-५०२): तिसरं माझं. मदनमंजिरी, फुलवंतीमधलं. वैशाली म्हाडे गायलीय. थिएटरमध्ये ते सुरू झालं आणि शेजारच्या रांगेतल्या आजी पुढे सरकून बसल्या. मी दिवाळीत पाहिला, आमच्या बिल्डिंगमधल्या सहाजणी होतो.

वृषाली (सी-१०२): हो!! आणि प्राजक्ता माळी खरंच नाचते. कॅमेरा हलवून हलवून नाच दाखवलेला नाही.

शरद काका (ए-२०१): बाबासाहेब पुरंदऱ्यांची फुलवंती. म्हणजे गोष्ट जुनीच.

नीलिमा (बी-५०२): गोष्ट जुनी असू दे, गाणं अविनाश-विश्वजीतनं यंदा केलंय. चालतं.

माधवराव (ए-७०२): चालतंच. ढोलकी नीट ऐका त्यातली. लावणीच्या अंगाचं गाणं करताना हल्ली ढोलकी मशीनमधून काढतात, मग चाटीचा आवाज पत्र्यासारखा येतो आणि घुमारा गायब. हे गाणं त्या बाबतीत कानाला त्रास देत नाही. फक्त एक बोलू का? भरजरी फार आहे. प्रत्येक रिकाम्या जागेत काहीतरी घालून ठेवलंय. वैशालीचा आवाज एवढा कसदार आहे की दोन ओळी नुसत्या ढोलकीवर सोडल्या असत्या तरी थिएटर जाग्यावर बसलं असतं.

नीलिमा (बी-५०२): मला भरजरीच आवडतं 😌

सुषमा काकू (बी-२०३): नवसाची गौराई घ्या यादीत. घरत गणपतीमधलं. गौरीच्या हळदीकुंकवाला आपण लावलं होतं, सगळ्यांना आवडलं होतं.

वृषाली (सी-१०२): काकू, ३१ डिसेंबरला गौराई?

सुषमा काकू (बी-२०३): अट २०२४ ची आहे. महिन्याची नाही.

सेक्रेटरी (बी-१०१): काकूंचं बरोबर आहे. घेतलं.

शरद काका (ए-२०१): आता माझं. वंदन हो. संगीत मानापमानमधलं. सिनेमा १० जानेवारीला येतोय पण गाणं आलेलं आहे. शंकर महादेवन, राहुल देशपांडे आणि महेश काळे, तिघं एकत्र. याला म्हणतात गाणं.

अश्विनी (सी-३०४): काका, मानापमान १९११ चं ना? अट?

शरद काका (ए-२०१): नाटक १९११ चं, खाडिलकरांचं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांचं मूल गेलं आणि तरी ते संध्याकाळी भामिनी म्हणून उभे राहिले, हे तुम्हाला कुणी शाळेत शिकवलं नसेल. पण हे गाणं नवीन आहे. शंकर-एहसान-लॉयनी केलेलं. तेव्हा अट पाळली गेली आहे.

अर्णव (सी-३०४): म्हणजे शरद काकांना २०२४ चं मराठी गाणं आवडलं 👀

शरद काका (ए-२०१): अपवाद असतो.

माधवराव (ए-७०२): शरदराव, गाणं मीही ऐकलं, आवडलं. पण मला ते सत्कारसमारंभासारखं वाटलं. मंचावर तिघंही मोठे, मग प्रत्येकाला बोलायची संधी द्यायची, कुणाचा मान कमी होता कामा नये. एक तान यांची, एक त्यांची. कट्यार काळजात घुसली सिनेमाचं वेगळं होतं. तिथे गाणारे एकमेकांच्या विरोधात गात होते, म्हणून प्रत्येक तानेला काहीतरी कारण होतं. इथे भांडण नाही, वंदन आहे. सिनेमा आल्यावर जागेवर बसलेलं ऐकू, मग कदाचित मत बदलेल.

शरद काका (ए-२०१): तांबडी चामडीत कारण सापडतं आणि वंदन होमध्ये सापडत नाही. धन्य आहे.

(हा मेसेज डिलीट केला आहे)

सेक्रेटरी (बी-१०१): कोणी काय डिलीट केलं? असो. हिंदी वगैरे चालेल का?

वृषाली (सी-१०२): चालेल ना. लापता लेडीजचं सजनी. राम संपतचं संगीत, अरिजितनं गायलंय. मी ऑफिसच्या बसमध्ये वर्षभर हेच ऐकलं. त्यात अरिजित ओरडत नाही हे मुख्य.

नीलिमा (बी-५०२): चमकीलाचं विदा करो. रहमानचं. पण ३१ ला लावू नका, सगळे रडतील.

मॅथ्यू (बी-६०३): मी एक सांगू? हनुमानकाइंडचं बिग डॉग्ज. हा मुलगा आमच्या मलप्पुरमचा आहे. वाढला अमेरिकेत, ह्यूस्टनला. व्हिडिओ पोन्नानीला केला, मौत का कुआँमध्ये. मी लहानपणी त्या गावच्या जत्रेत गेलेलो आहे.

अर्णव (सी-३०४): मॅथ्यू अंकल!! तुम्ही रॅप ऐकता??

मॅथ्यू (बी-६०३): रॅप कळत नाही. गाड्या कळतात. भिंतीवर मारुती चाललीये आणि हा खाली मधोमध उभा राहून गातोय. ग्राफिक्स नाही, खरे लोक आहेत ते, जत्रेत पोट भरणारे. जगभर बघितलं लोकांनी.

माधवराव (ए-७०२): वा मॅथ्यूसाहेब. हे मी पाहिलं नव्हतं, आत्ता पाहिलं. मागे मोटारसायकलींचा जो घूं घूं आवाज आहे तो गाण्याच्या पट्टीला लागून जातोय असं मला वाटलं. पुन्हा एकदा हेडफोन लावून ऐकतो.

वृषाली (सी-१०२): माधवकाका, तुमच्या यादीत झाकीरभाई कसे नाहीत? मला वाटलं तुम्ही तिथूनच सुरू कराल.

माधवराव (ए-७०२): अटीत बसत नाहीत, म्हणून लिहिलं नाही. त्यांच्या शक्ती या बँडचा धिस मोमेंट हा अल्बम २०२३ च्या जूनमधला. बेला फ्लेक, एडगर मेयर आणि राकेश चौरसिया यांच्याबरोबरचा अ‍ॅज वी स्पीक त्याच वर्षीच्या मेमधला. ग्रॅमी तेवढे यंदा फेब्रुवारीत मिळाले, एकाच रात्री तीन. मी त्या दिवशी पोरांना पेढे दिले होते, अर्णवला आठवत असेल. शक्ती १९७३ ला सुरू झालेली, आणि मधली पंचेचाळीसहून जास्त वर्षं स्टुडिओतला अल्बम नव्हता. सत्तरी ओलांडलेला माणूस नव्यानं अल्बम करतो आणि त्यात कुठेही "आमच्या काळी" असा सूर नाही.

आणि मग हा १५ डिसेंबर. झाकीरभाई गेले.

शरद काका (ए-२०१): वर्षच वाईट गेलं त्या दृष्टीनं. जानेवारीत राशिद खान, चार दिवसांनी प्रभाताई अत्रे.

नीलिमा (बी-५०२): 🙏

सुषमा काकू (बी-२०३): 🙏🙏

माधवराव (ए-७०२): बातमी आली त्या संध्याकाळी माझी शिकवणी होती. बंद ठेवली नाही. पोरांना धिस मोमेंट लावून दिला आणि सांगितलं, फक्त डग्गा ऐका, बाकी काही ऐकू नका. मनगटाचा दाब बदलून तो डग्ग्यावर अक्षरशः गातो. आठ वर्षांचं एक पोर म्हणालं, "काका, हा माणूस डग्ग्याला बोलायला लावतो." मी दोन वर्षं त्याला तेच सांगत होतो.

तरीही परवासाठी मी ते सुचवत नाही. पावभाजी खाताना ऐकायची गोष्ट नाही ती. गच्चीवर नाचू द्या लोकांना.

शरद काका (ए-२०१): माधवराव, एक विचारतो. इतकी वर्षं तुम्ही सवाईला मांडी ठोकून बसता. तुम्हाला हे गुलाबी साडी, तांबडी चामडी खरंच आवडतं, की पोरांना बरं वाटावं म्हणून?

माधवराव (ए-७०२): रास्त प्रश्न. माझी कसोटी एकच आहे. घरात कुणी नसताना, कुणी लावा म्हटलेलं नसताना, मी आपणहून पुन्हा लावलं का? सजनी लावलं. तांबडी चामडी लावलं, ते तर पुष्कळदा. गुलाबी साडी खरं सांगायचं तर नाही लावलं, ते मला माणसांत आवडतं, एकट्यानं नाही. मदनमंजिरी दोन-तीनदा. वंदन हो एकदा.

आणि दुसरं. मराठीत आवडतं म्हणून मिरवण्यासारखं नवीन काही आलं की ते बहुतेक वेळा जुन्या घराण्यातलं असतं. पेशवाईतली गोष्ट, नाहीतर संगीत नाटक. चांगलंच असतं ते, मला हवंही आहे. पण दर वेळी आजोबांची पेटी उघडूनच नवीन काढायचं का? यंदा दोन गाणी अशी आली की ज्यांना आजोबांची गरज पडली नाही. त्याचं मला अप्रूप वाटतं.

शरद काका (ए-२०१): तुम्हीच तर मघाशी गुलाबी साडीला लावणीची नात ठरवलंत!

माधवराव (ए-७०२): मी ठरवली. तिनं कुठे म्हटलंय?

नीलिमा (बी-५०२): 😂😂😂

सेक्रेटरी (बी-१०१): मंडळी, यादी अशी: गुलाबी साडी, तांबडी चामडी, मदनमंजिरी, नवसाची गौराई, वंदन हो, सजनी, बिग डॉग्ज. विदा करो काढलं. एवढ्यात चार तास कसे भरणार?

वृषाली (सी-१०२): आज की रात, तौबा तौबा. ही दोन न सांगता लागणारच आहेत, लिहून टाका.

शरद काका (ए-२०१): ११ नंतर अट शिथिल करा. ११ ते १२ मी चालवतो. त्यात २०२४ चं काही नसेल.

अश्विनी (सी-३०४): मान्य. पण काका, ८ ते ११ तुम्ही खाली जायचं नाही.

शरद काका (ए-२०१): पावभाजी वर आहे. जाणार कुठे.

अर्णव (सी-३०४): माधव काका, एक आयडिया. तांबडी चामडी मी लॅपटॉपवरून लावतो आणि तुम्ही लाइव्ह ढोलकी वाजवा त्याच्यावर. चालेल?

माधवराव (ए-७०२): ढोलकी वाजवतो. पण दर आठ आवर्तनांनी एकदा तुझा तो खालचा ठोका बंद करायचा, मला खाली दाखवायची आहे.

अर्णव (सी-३०४): किक कट करू? तिथेच तर लोक नाचतात काका

माधवराव (ए-७०२): बंद करून बघ. परत आल्यावर दुप्पट नाचतील. उद्या चारला ये, बसवून टाकू.

अश्विनी (सी-३०४): पाचला. चारला फिजिक्सचा क्लास आहे.