मुलासाठी कॉलेजच्या गावात काँडो घ्यावा की भाड्यानेच राहू द्यावं?

निळाई
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा इलिनॉय युनिव्हर्सिटीत, अर्बाना-शॅम्पेनला पहिल्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष युनिव्हर्सिटीच्या किंवा त्यांनी मान्य केलेल्या हाउसिंगमध्येच काढावं लागतं, त्यामुळे यंदा प्रश्न आला नाही. पण पुढच्या ऑगस्टच्या लीजवर मुलं आत्ताच सह्या करताहेत. ह्यांचं म्हणणं, तीन वर्षं भाडं भरण्यापेक्षा काँडो, म्हणजे मालकीचा फ्लॅट, घेऊ आणि दुसरी खोली मित्राला देऊ. दोन बेडरूमचा एक 250,000 डॉलरला बघितलाय, 20 टक्के डाऊन. हे पैसे म्हणजे आमची बरीचशी बचत आहे, म्हणून जीव धजत नाही. कुणी केलंय का असं? आणि घर आपलं असलं की इन-स्टेट, म्हणजे त्या राज्यातल्या रहिवाशांची कमी फी लागते का?

वाटसरू
फीचं आधी सांगतो. मूल तुमच्यावर अवलंबून असेल तर तिथे रहिवास आईवडिलांचा धरतात. तुम्ही न्यू जर्सीत आहात तोवर नुसत्या काँडोने काही होणार नाही. या आशेवर घेणार असाल तर इथेच थांबा.

आता कागद-पेन घ्या. 200,000 चं कर्ज, 30 वर्षं, 7 टक्के धरू. हप्ता साधारण 1,330. तीन वर्षांत 47,900 भराल, त्यातलं मुद्दल फिटेल जेमतेम 6,500. बाकी सगळं व्याज. म्हणजे वर्षाला 13,800 व्याज. इलिनॉयचा प्रॉपर्टी टॅक्स 2 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 5,000. एचओए, म्हणजे इमारतीच्या असोसिएशनची वर्गणी, महिना 300 धरली तर 3,600. झाले 22,400. मित्राचं भाडं महिना 800 आलं तर 9,600 वजा, उरले 12,800. तुमच्या मुलाला तशीच खोली भाड्याने 9,600 ला मिळाली असती, म्हणजे वर्षाला 3,200 जास्त, तीन वर्षांत 9,600. शिवाय घेताना क्लोजिंगचे, म्हणजे खरेदीच्या कागदपत्रांचे वगैरे, 3 टक्के आणि विकताना एजंट वगैरे धरून 6 टक्के, मिळून 22,500. किंमत तीन वर्षांत 32,000 ने, म्हणजे जवळजवळ 13 टक्क्यांनी वाढली तर कुठे बरोबरी. यात इन्शुरन्स, दुरुस्त्या आणि तुमच्या 50,000 वरचं व्याज मी धरलेलंच नाही.

अबोली
ताई, आम्ही केलंय. दुसऱ्या राज्यात, लेकीसाठी. पैशांचं वर आलंच आहे, मी बाकीचं सांगते.

घेऊन आठ महिने झाले आणि असोसिएशनचं पत्र आलं: छप्पर बदलायचंय, प्रत्येक युनिटला 8,400 डॉलर स्पेशल असेसमेंट, म्हणजे नेहमीच्या वर्गणीवर जादा. नंतर मी जुन्या सभांची इतिवृत्तं मागवली, तर दोन वर्षं त्याच छपराची चर्चा चालू होती! घेण्याआधी मागितली असती तर दिसलं असतं. तुम्ही मागाच. रिझर्व्ह फंडात किती आहे, कुठल्या दुरुस्त्या पुढे ढकलल्यात, हे लेखी घ्या. 2021 मध्ये फ्लोरिडात सर्फसाइडची इमारत कोसळून 98 माणसं गेली, तेव्हापासून कर्ज देणारेही हे खोदून विचारतात. आणि भाडेकरू ठेवायला बंदी किंवा मर्यादा आहे का ते बायलॉजमध्ये वाचा. किती बिननात्याची माणसं एकत्र राहू शकतात यावर पुष्कळ कॉलेजगावांत शहराचाही नियम असतो.

दुसरं मला जास्त लागलं. फायनल्सच्या आठवड्यात रात्री दोनला वॉटर हीटर फुटला. लेक फोनवर रडत होती, खालच्या घरात पाणी चाललं होतं, मुख्य व्हॉल्व्ह कुठे ते तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. भाड्याच्या घरात हा फोन मेंटेनन्सला गेला असता. आणि मैत्रिणीचं भाडं दोन महिने थकलं तेव्हा मागायचं कुणी? एकोणीस वर्षांच्या पोरीने, रोज एका टेबलावर जेवणाऱ्या मैत्रिणीकडे? शेवटी मी मागितलं. ती मैत्री गेली.

हिशेबनीस
टॅक्सचं थोडं. मुलाकडून बाजारभावाने भाडं घेतलं नाही तर त्याचं राहणं तुमचाच वापर धरला जातो, आणि भाड्याच्या घराच्या वजावटींवर मर्यादा येते. घर मुलाच्या नावावर असेल आणि तो पाचांतली दोन वर्षं तिथे राहिला, तर विक्रीच्या नफ्यातले 250,000 पर्यंत त्याला करमुक्त. पण मग घर त्याचं, हे मनाशी पक्कं करा. एफएएफएसएमध्ये, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात, तुमचं राहतं घर मोजत नाहीत, हे दुसरं मात्र मोजतात. आणि बँकेला खरं सांगा की तुम्ही तिथे राहणार नाही. दर चढा लागेल, तरीही.

सायली_टेक्सास
आमचं जमलं, पण कारण वेगळं. दोन मुलं पाठोपाठ त्याच कॉलेजला आणि मोठा पुढे मास्टर्सला तिथेच थांबला. सात वर्षं वापरलं. शिवाय आम्ही पाऊण तासावर राहतो, नळ गळला की नवरा टूलबॉक्स घेऊन जायचा. न्यू जर्सीहून तुम्ही कशा जाणार?

निळाई
सगळ्यांचे मनापासून आभार. वाटसरूंचा हिशेब ह्यांच्यासमोर ठेवला, दोनदा स्वतः करून बघितला त्यांनी. मग लेकाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, मित्राकडे भाडं मागायला मला नाही जमणार." काँडो रद्द. धाकटी तीन वर्षांनी कॉलेजला जाईल, तिने तेच निवडलं तर पुन्हा बघू.

आता एक शेवटचं. चौघांचं अपार्टमेंट मिळतंय, एक जॉइंट लीजचं आणि एक प्रत्येकाच्या वेगळ्या लीजचं. वेगळं वालं महिना 60 डॉलरने महाग आहे.

अबोली
वेगळं घ्या, ताई. जॉइंटमध्ये एकाने मध्येच सोडलं तर त्याचं भाडं उरलेल्या तिघांवर येतं. आणि सही करायच्या आधी बघा, पालकांची गॅरंटी फक्त आपल्या मुलाच्या हिश्शापुरती लिहिली आहे ना.