जन्माला वजन कमी, साडेचार वर्षांचा असताना अंग भरलेलं : बीपीचं काय?

वाढआलेख :
अंगणवाडीतला मुलगा, पूर्ण दिवसांचा, जन्मवजन २.१ किलो. दोन वर्षांचा असताना १०.४ किलो, ८४ सेंमी. आता साडेचार वर्षांचा : १८.५ किलो, १०२ सेंमी, दंडघेर १७ सेंमी. वयानुसार वजन हिरव्या पट्ट्यात, म्हणून साधारण श्रेणी. आजोबांच्या डिजिटल यंत्रावर बीपी ९६/५६. कमी वजनाच्या बाळांना पुढे बीपीचा धोका असतो म्हणतात. मग सुरुवातीला वजन वाढवलं तेच चुकलं का?

निशिगंध :
अजिबात नाही. भारत, ब्राझील, ग्वाटेमाला, फिलिपिन्स आणि दक्षिण आफ्रिका इथल्या मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतलेले अभ्यास २०१३ साली एकत्र मांडले गेले. पहिल्या दोन वर्षांतल्या चांगल्या वाढीचा फायदा उंचीला आणि शिक्षणाला झालेला दिसला. मोठेपणीचा लठ्ठपणा आणि चढं बीपी यांचा संबंध दिसला तो दोन वर्षांनंतर उंचीला मागे टाकून वाढलेल्या वजनाशी.

ह्या मुलाचं तेच होतंय. उंची तेव्हाही वाढीच्या आलेखातल्या -१ रेषेजवळ (सरासरीच्या थोडी खाली), आजही तिथेच. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) मात्र १४.७ वरून १७.८. एरवी ह्या वयात तो थोडा उतरतो आणि पाच-सहा वर्षांनंतर चढू लागतो. वयानुसार वजनाच्या आलेखात हे दिसणारच नाही, कारण मूल सरासरीहून थोडं बुटकं आहे. उंचीनुसार वजन काढा. दोन वर्षांची नोंद झोपवून घेतलेली असेल तर त्यातून ०.७ सेंमी वजा करा, नाहीतर मधली वाढ खुंटल्यासारखी वाटेल.

पुढे बीपी चढण्याचं एक कारण मूत्रपिंडात असावं असं मानतात. नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, गर्भातच, साधारण ३६ आठवड्यांपर्यंत तयार होतात, नंतर नवा एकही नाही. पोटात वाढ कमी झालेल्या बाळात ते मुळात कमी असतात आणि वाढत्या अंगाचा भार तेवढ्यांवरच पडतो.

दंडघेर१७ :
ते ९६/५६ खोडून टाका. मोठ्यांचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) साधारण २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. १७ च्या दंडावर तो मोठा पडतो आणि बीपी खरं आहे त्याहून कमी दाखवतो. लहान कफ उलट जास्त दाखवतो. आतल्या फुग्याची रुंदी दंडघेराच्या किमान ४० टक्के, म्हणजे ७ सेंमीच्या आसपास हवी. लांबी ८० ते १०० टक्के, म्हणजे १४ ते १७.

मूल ३ ते ५ मिनिटं शांत बसलेलं, पाठ टेकलेली, पाय खाली टेकलेले (लोंबकळते नकोत, पायाखाली पाट द्या), उजवा हात छातीच्या पातळीवर. उजवाच, कारण महाधमनी जन्मतः अरुंद असेल तर डाव्या हातात बीपी कमी येऊ शकतं. रडून झाल्यावर लगेच मोजू नका.

चार वर्षांच्या मुलाला १०२/६०, पाच वर्षांच्या मुलाला १०३/६३ ही चाळणीची रेषा, म्हणजे तिथून पुढे नीट तपासायचं. वरचा किंवा खालचा, कुठलाही आकडा तिथे पोचला तर स्टेथोस्कोपने आणखी दोनदा मोजून सरासरी घ्यायची आणि ती उंचीनुसारच्या तक्त्यात बघायची. एका दिवसाच्या आकड्यावर निदान होत नाही, तीन वेगवेगळ्या भेटी लागतात.

वाढआलेख :
मग खाणं कमी करायला सांगू का?

निशिगंध :
उपाशी ठेवू नका, उंची अजून वाढायची आहे. वरण, उसळ, अंडं, भाजी तशीच राहू द्या. बिस्किटं, फरसाण, वेफर्स, साखर घातलेलं दूध बंद. पापड-लोणचं ताटात नको, वरून मीठ नको. दिवसात तीन तास हालचाल, त्यातला एक तास दमेपर्यंत खेळ. दर तीन महिन्यांनी उंची आणि वजन एकाच दिवशी घ्या. बीपी वर्षातून एकदा, मुलांच्या कफने.