फायबर म्हणजे निव्वळ चोथा नव्हे

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की फायबर, म्हणजे अन्नातला तंतुमय भाग, पचतच नाही, मग पोट साफ होण्यापलीकडे ते शरीराला काय देणार? पचत नाही हे खरं, पण ते लहान आतड्यात. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातलं बरंचसं आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोट्या साखळीची मेदाम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच ब्युटिरेट. म्हणजे आपण जिवाणूंना जेवू घालतो आणि ते आपल्या आतड्याला!

कोलेस्टेरॉलचा मुद्दा मात्र अजून कुणी काढलेला दिसत नाही. ओट्स आणि बार्लीतल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या फायबरचं आतड्यात चिकट जेल होतं, पित्ताम्लं (चरबी पचवायला मदत करणारी पित्तातली आम्लं) त्यात अडकून शौचावाटे बाहेर पडतात. नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं, म्हणून एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं. त्यासाठी रोज साधारण 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं. औषधाची जागा ते घेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याच जेलमुळे साखरही रक्तात सावकाश शोषली जाते.

प्रमाणाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना रोज किमान 25 ग्रॅम फायबर सांगते, तेही अन्नातूनच. गाळलेल्या रसात ते जवळपास उरत नाही, त्यापेक्षा अख्खं फळ खा. आणि उत्साहाच्या भरात एकदम दुप्पट करू नका, पोट फुगलं की लोक फायबरलाच नावं ठेवतात. काही आठवड्यांत हळूहळू वाढवा, सोबत पाणी हवंच. आतडं कुठे अरुंद झालेलं असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.